बॉट नको, बोट हवं

माझे मामा गिरगावात राहतात. चाळ, दुसरा मजला, खिडकीखाली रद्दीवाला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. आधी ते बॉम्बे टेलिफोन्स होतं, १९८६ साली एमटीएनएल झालं, पण मामा शेवटपर्यंत 'खातं'च म्हणत राहिले. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात गेला, डावा थरथरतो.

गेल्या डिसेंबरात त्यांची पेन्शन जमा झाली नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच दिला होता. बँकेचा नंबर लावला (कुठली बँक ते सोडा, सगळ्यांचं गाणं एकच असतं) आणि पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली. मराठीसाठी तीन दाबा. आता तीन दाबायचा म्हणजे काय करायचं ते बघा. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. कानापासून लांब धरला की स्क्रीन उजळते, पण बाई पुढे काय म्हणते ते ऐकू येत नाही. स्पीकर लावावा, तर त्याचंही बटण त्याच काचेवर. की-पॅड उघडायला एक टिचकी, आकड्याला दुसरी. आणि थरथरणाऱ्या बोटाची एक टिचकी काचेला दोन वाटतात. मामांचा तीन तेहतीस झाला. 'आपण निवडलेला पर्याय अयोग्य आहे.' दुसऱ्या खेपेला वेळ संपला. तिसऱ्या खेपेला बाईंनी आभार मानून फोन ठेवला.

मग मामांनी नेहमीचा उपाय केला. शेजारच्या आठवीतल्या मुलीला हाक मारली, "अगं ये जरा, बँकेला फोन लावायचाय." ती आली, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि मामा बोलत गेले तसं ती दाबत गेली. तीन. दोन. मग खात्याचा लांबलचक आकडा, शेवटी हॅश. मग टेलिफोन बँकिंगचा पिन. तोही मामांनी मोठ्यानं सांगितला, तिनं दाबला. खिडकी उघडी होती.

हात न लावता, आवाजावर फोनची बटणं चालवण्याचं तंत्र पुढेमागे येईल असं लोक म्हणतात. ते आलेलंच आहे. मुंबईत निम्म्या घरांत ते कुणाची तरी मुलगी, सून, नातू किंवा वॉचमन या रूपात हजर असतं. अडचण एवढीच, की मामांच्या यंत्राला पाच ते सात क्लास असतो.

या प्रश्नाकडे आपण कधी नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं. पाहिलं तेव्हा चुकीच्या माणसाकडे बोट दाखवून पाहिलं. ते पुढे सांगते. आधी यंत्राचं.

बटणाच्या फोनची गंमत मामांनीच मला लहानपणी सांगितली होती. प्रत्येक बटण दाबलं की एकाच वेळी दोन सूर निघतात, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. सात म्हणजे ८५२ आणि १२०९ हर्ट्झ. आठ म्हणजे तोच ८५२, पण जोडीला १३३६. हे आकडे सहज सुचलेले नाहीत. एक सूर दुसऱ्याच्या पटीत येऊ नये, माणसाच्या बोलण्यातून किंवा गाण्यातून ही जोडी चुकून तयार होऊ नये, अशा बेतानं ते निवडले होते. बोलता बोलता फोनच्या यंत्रणेला आकडा दाबल्याचा भास झाला असता तर घोटाळा झाला असता, म्हणून. थोडक्यात, ही यंत्रणा माणसाच्या आवाजाला मुद्दाम बहिरी केलेली आहे. त्या काळी ते शहाणपणाचंच होतं. तेव्हा पलीकडे एक्सचेंज होतं आणि आकडे फिरवून झाले की माणूस माणसाशीच बोलायचा. पुढे माणूस काढून टाकला, त्याच्या जागी यंत्र बसवलं, आणि बहिरेपण तसंच ठेवलं.

आणि आवाजातून आकडे ओळखण्याचं तंत्र बटणांपेक्षा जुनं आहे! अमेरिकेतल्या बेल लॅब्जनी १९५२ साली 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं. ते शून्य ते नऊ एवढे आकडे आवाजावरून ओळखायचं. कपाटाएवढं धूड, शब्दाशब्दात थांबावं लागे, आणि ज्याच्या आवाजाची सवय करून दिली त्याचंच नीट ऐके. तरी ऐके. बटणांचा फोन ग्राहकांच्या हातात पडला तो १८ नोव्हेंबर १९६३ ला, पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत. त्याच्या आदल्या वर्षी सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात बेलनं बटणांचा फोन मांडला होता आणि त्याच प्रदर्शनात आयबीएमनं सोळा शब्द ओळखणारं 'शूबॉक्स' मांडलं होतं. एका जत्रेत दोघं भेटले आणि आपापल्या वाटेनं गेले. बटणं जगभर पोचली. १९९२ पासून अमेरिकेत एटी अँड टी या फोन कंपनीनं ऑपरेटरच्या कामासाठी आवाज ओळखणारी यंत्रणा वापरात आणली. तिला पाच शब्द कळत. तेवढ्यावर कोट्यवधी कॉल मार्गी लागत.

पाच शब्द. मामांना बारा लागतात. दहा आकडे, स्टार आणि हॅश.

यावर हल्ली तयार असलेलं उत्तर म्हणजे बॉट, आपलं बोलणं ऐकून उत्तर देणारं कंपनीचं यंत्र. 'तुमची अडचण तुमच्या शब्दांत सांगा.' बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या सगळ्यांना आता बोलणारा बॉट बसवायची घाई आहे. त्याला माझा सरसकट विरोध नाही. ज्याला मेनूची पायरीपायरी कळत नाही, पाचवा पर्याय ऐकेपर्यंत ज्याचा पहिला विसरतो, त्याला सरळ बोलून काम सांगता आलं तर बरंच आहे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे, किंवा सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेलं बोलून पैसे पाठवायचं 'हॅलो यूपीआय', या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या 'हॅलो'ची सुरुवात कुठल्या भाषांत झाली? हिंदी आणि इंग्रजी. बाकीच्या भाषा मागाहून. मराठी माणसाला हे 'मागाहून' फार ओळखीचं आहे.

बॉटशी माझं खरं भांडण दुसरंच आहे. बॉट पलीकडच्याचा असतो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, प्रत्येकाचा कान वेगळा, प्रत्येकाची मराठी वेगळी, आणि तो कधी बसवायचा, कधी काढायचा हे कंपनी ठरवते. मामांना पेन्शनची बँक, गॅस, वीज, रेल्वेची चौकशी आणि दवाखान्याची अपॉइंटमेंट अशा पाच ठिकाणी फोन करायचा तर पाच बॉटांची मर्जी सांभाळायची. आणि ज्या सहकारी पतपेढीकडे बॉटला पैसे नाहीत तिथे पुन्हा शेजारची मुलगी. शिवाय बॉट आला की आकड्यांचा मेनू जातो आणि त्याच्या मागून माणसापर्यंत पोचायची वाटही जाते, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला समजावून सांगायला नको. पलीकडे कोणी बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा अलीकडचं साधन बदलावं. मामांच्या हातातल्या फोनला बोट द्यावं. मामा 'सात' म्हणाले की फोननं सात दाबावा. बँकेनं काही करायचं नाही, तिला कळायचंही कारण नाही. तिच्या लेखी सात दाबला गेला, बस्स.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड आहे असं कोणी सांगू नये. मोबाइलवर आकडा दाबतो तेव्हा फोन तोंडानं सूर काढतच नाही. 'सात दाबला' असा निरोप नेटवर्कला जातो आणि पलीकडच्या यंत्रासाठी सूर पुढे तयार होतो. आपल्या कानात वाजतं ते आपल्या समाधानापुरतं. म्हणजे बोटाचा आणि सुराचा संबंध केव्हाच तुटलाय, मध्ये फक्त निरोप आहे. तो निरोप बोटानं द्यायचा की जिभेनं, एवढाच प्रश्न उरतो. ब्लूटूथ हँड्सफ्रीच्या प्रमाणित भाषेतसुद्धा चालू कॉलमध्ये आकडा पाठवायची आज्ञा आहे. कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या अ‍ॅपला चालू कॉलमध्ये हात घालू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून हे काम फोन बनवणाऱ्यानं डायलरमध्येच, म्हणजे फोन लावायच्या मूळ अ‍ॅपमध्येच, करून दिलं पाहिजे. आवाजावर सगळा फोन चालवायच्या सोयी आयफोनवर २०१९ पासून आहेत, अँड्रॉइडवरही आहेत. मी मागते आहे ते त्याहून कितीतरी लहान. कॉल चालू असताना बारा शब्द, नेट नसलं तरी चालणारे, मराठीत.

मराठीत म्हटलं की खरी मौज सुरू होते, कारण मराठी माणूस आकडे मराठीत सांगतोच असं नाही. दादरच्या कुठल्याही दुकानात फोन नंबर विचारून बघा. 'नाईन एट डबल टू' अशी सुरुवात होते, मध्ये 'शून्य' येतो, शेवट 'पंचाहत्तर'नं. जुनी माणसं जोड्याजोड्यांनी सांगतात: अठ्ठ्याण्णव, वीस, एकोणऐंशी. आकडे कसे बोलायचे यावर या राज्यात मोठं भांडण झालेलं आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीनं 'वीस एक' आलं तेव्हा विधानसभेपासून नाक्यापर्यंत सगळे त्यावर बोलत होते. मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात हा त्यामागचा मुद्दा होता. यंत्रालाही तेच जड जाणार. पण यंत्राची समजूत काढण्यासाठी सत्तर वर्षांच्या माणसाची जीभ वळवायची नसते. 'एकोणऐंशी' म्हटलं की सात आणि नऊ जावेत, 'डबल टू' म्हटलं की दोनदा दोन जावा, 'झिरो', 'शून्य' आणि 'पूज्य' हे तिन्ही एकच समजावेत. हे काम मराठी घरात वाढलेल्या माणसानं बसून करायला हवं. कठीण नाही, चिकाटीचं आहे.

फोनवरच हे ऐकलं जावं याला आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत पटतं. टेलिफोनची जुनी वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जाऊ देते. 'स'चा बराचसा सळसळाट त्याच्या वरच्या पट्टीत असतो. तो छाटला की 'सात'चा उरतो 'आत', आणि 'आत' म्हणजे घाईत 'आठ'च. पलीकडे बसलेल्या बॉटच्या कानाला जर हाच छाटलेला आवाज पोचत असेल तर तो बिचारा करणार काय? मामांच्या फोनच्या माइकला मात्र 'स' अख्खा ऐकू येतो. ओळखायचं ते छाटणीच्या आधी ओळखा. मराठी आवाजाचा साठा नाही ही सबबही आता जुनी झाली. शेतकऱ्यांना फोनवर बोलून बाजारभाव विचारता यावा म्हणून मराठी आवाज गोळा करायचं काम याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, दहाहून अधिक वर्षांपूर्वीच झालेलं आहे. आजूबाजूच्या गोंगाटात शेतकऱ्यांनी बोललेली मराठी. त्यापुढे गिरगावातलं घर म्हणजे ध्वनिमुद्रणाची खोलीच.

आता ते चुकीच्या माणसाचं. 'हँड्सफ्री' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गाडी चालवणारा येतो. जाहिरातीत तोच, कायद्यात तोच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडू लागलं. तेव्हापासून सगळ्यांनी कानात ब्लूटूथ घातला आणि आपण कायदा पाळतो असं समजून पश्चिम द्रुतगती मार्गावर बँकेशी वाद घालू लागले. मला विचाराल तर या माणसासाठी काही करू नये. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २०१३ साली ड्रायव्हरच्या डोक्यावर कशाचा किती ताण पडतो हे मोजलं, तेव्हा गाडीतल्या यंत्राशी बोलून मजकूर लिहिणं हे रेडिओ ऐकण्यापेक्षा, शेजारच्याशी गप्पा मारण्यापेक्षाही जड निघालं. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि लक्ष 'इतर सेवांसाठी नऊ दाबा'कडे. त्यानं गाडी बाजूला घ्यावी आणि सरळ बोटानं दाबावं. त्याला दोन हात आहेत.

ज्यांना नाहीत, ज्यांचे चालत नाहीत, त्यांच्याकडून सुरुवात करा. २०११ च्या जनगणनेत देशात हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांवर लोक मोजले गेले. त्यात झटक्यानंतर मामांसारखे झालेले किती आणि नुसत्या म्हातारपणानं बोटं वाकडी झालेले किती, हा हिशेब वेगळाच. हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेच्या आवारात एक सकाळ बसून बघा. लोकलखाली हात गमावलेली तरणीताठी पोरं दिसतील. ती डोक्यानं, जिभेनं तुमच्याआमच्यापेक्षा तल्लख असतात आणि कस्टमर केअरच्या पहिल्या पायरीला भावाची वाट बघतात. आणि मग अपंगत्व नसलेलेही आहेत. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या मावशीचा हात सकाळभर ओला असतो, ओल्या बोटाला काच दाद देत नाही. पोळीभाजी केंद्रात कणकेत हात असलेल्या बाईलाही सिलिंडर नोंदवायचा असतो.

कायद्यानं हे मागता येतं का? मला वाटतं येतं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या ४२व्या कलमात रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा घडणीची मिळावीत यासाठी सरकारनं पावलं उचलावीत असं लिहिलेलं आहे. फोनपेक्षा रोजच्या वापराचं उपकरण कोणतं? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. त्या प्रकरणात केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा असं यंत्र सांगत होतं, आणि अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्या बाईनं काय मिचकावायचं, हा सवाल होता. 'तीन दाबा' ही त्याच जातीची आज्ञा आहे. ती सोसायची आपल्याला इतकी सवय झालीय की तिच्यातला उर्मटपणा ऐकूच येत नाही.

कंपन्यांना मात्र सगळं माफ असं मी म्हणत नाही. त्यांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात. आकड्याची वाट पाहताना थोडा दम धरावा; पाच सेकंदांत फोन तोडून कोणाचं काय वाचतं? आणि माणूस गाठायची वाट उघडी ठेवावी. दूरसंचार कंपन्यांसाठी ट्राय या सरकारी नियामकानं २०१२ च्या नियमावलीतच आयव्हीआरमध्ये, म्हणजे या 'अमुक दाबा'च्या मेनूमध्ये, माणसाशी बोलायचा पर्याय ठेवायला सांगितलं आहे. रेल्वेच्या १३९ वर १२ भाषा आहेत आणि स्टार दाबून थेट माणसाशी बोलता येतं. तो स्टार तरी बोलून दाबता यावा, इतकंच माझं म्हणणं.

एक आक्षेप मात्र मी हलका समजत नाही. लोकलच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, दहा बाय बाराच्या खोलीत पिन मोठ्यानं बोलायचा? बोट मुकं असतं, हा त्याचा मोठा गुण आहे. म्हणून बटणं काढून टाकू नका असं मी पुन्हा पुन्हा म्हणते. ज्याला दाबता येतं त्यानं गुपचूप दाबावं. आणि फोनच्या बाजूला हे बोट असलं तर आणखी एक करता येईल. पासवर्ड जपून ठेवणारी तिजोरी आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. आकडा तिथे ठेवावा आणि मामांनी नुसतं 'माझा आकडा पाठव' म्हणावं, त्यांचाच आवाज आहे याची फोननं आपल्यापुरती खात्री करून घ्यावी. आवाजाची नक्कल करता येते हे मला माहीत आहे. धोका आहेच. पण त्याची तुलना परिपूर्ण सुरक्षिततेशी करून चालणार नाही. आठवीतल्या मुलीला, उघड्या खिडकीशेजारी, खणखणीत आवाजात सांगितलेल्या पिनशी ती करायला हवी.

डिसेंबरची पेन्शन पुढे जमा झाली, त्यासाठी आणखी दोन फोन करावे लागले. दुसऱ्या वेळी मी तिथेच होते. मुलगी क्लासला जायच्या गडबडीत, दप्तर पाठीवर, एका हातानं दाबत होती. मामा डोळे मिटून खात्याचा आकडा सांगत होते. मध्येच त्यांनी डावा हात वर केला.

"थांब. आठ दाबलंस. सात म्हणालो मी."

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. आठच होता. "आजोबा, तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"कानानं," मामा म्हणाले. "आता स्टार दाब, नाहीतर पहिल्यापासून सांगायला लावेल ती."